धाकटी धरून ठेवण्याबाबत

प्रति,
मा. परिचालन अधिकारी,
प्रादेशिक रेल्वे, मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

अर्जदार : जंक्शनच्या दिवंगत स्टेशन मास्तर यांचे पती. धंदा वेताच्या खुर्च्या विणणे. राहणार स्टेशनामागील क्वार्टर.

विषय : संध्याकाळच्या ब्रँच गाडीची सुटण्याची वेळ दहा मिनिटांनी पुढे नेण्याबाबत, व अर्जदार तोतया नसल्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची खुलासा मागणारी नोटीस.

महोदय,

१. संध्याकाळची ब्रँच गाडी ज्या दिवशी वेळेवर सुटली, त्याच दिवशी अर्जदाराला कळले की आपली बायको गेली. अर्जदार तेव्हा रुळांपलीकडच्या दुकानात एका खुर्चीची बैठक विणत होता. गाडीची शिट्टी ऐकून त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि गप्पांना आलेल्या शेजारच्या न्हाव्याला म्हणाला, “घड्याळ मागे पडलंय वाटतं.” न्हावी म्हणाला, “घड्याळ बरोबर आहे. गाडीच वेळेवर सुटलीय.” यावर दोघेही हसले, कारण ही गाडी वेळेवर सुटलेली दोघांनीही कधी पाहिली नव्हती. मग अर्जदाराचे हसू थांबले. हातातला वेत टाकून तो रूळ ओलांडून धावला. (रूळ ओलांडणे गुन्हा आहे हे अर्जदारास ठाऊक आहे. त्याचा खुलासा मागितल्यास वेगळा देण्यात येईल.) स्टेशनाच्या खोलीत बाई टेबलाशी बसलेल्या होत्या. मान एका बाजूला होती आणि फोन हातात होता. त्यातून शहरातल्या कंट्रोलरसाहेबांचा आवाज येत होता, “जंक्शन? जंक्शन, ऐकू येतंय का?” डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितले. अर्जदाराला ते शिट्टीनेच सांगितले होते.

२. अर्जात ‘मी मी’ करू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टाने सांगितले. “मी लिहिलं की साहेबाला वाटतं हा टेबलासमोर उभा राहून भांडतोय. अर्जदार लिहिलं की तुम्ही तिथे नसताच.” अर्जदाराला ते सोयीचे वाटले. तसेच पत्नीचा उल्लेख ‘बाई’ असा केला आहे, कारण स्टेशनावर, बाजारात आणि कंट्रोलच्या फोनवर त्यांना सगळे बाईच म्हणत. कागदावर त्यांना अहो-जाहो केले आहे. घरात तसे नव्हते. हे वाचून त्या दोन दिवस हसल्या असत्या.

३. रेल्वे कशी चालते हे आपणास सांगण्याची अर्जदाराची लायकी नाही. त्याला वेताच्या खुर्चीखेरीज काही कळत नाही, आणि गिऱ्हाइकांच्या मते तेही बेताचेच. तरी जेवताना बाईंच्या तोंडून जे वर्षानुवर्षे कानावर पडले, त्यावरून त्याची समजूत अशी आहे. मेन लाइन एका विभागाकडे आणि ब्रँच लाइन दुसऱ्या विभागाकडे. दोघांचे कंट्रोल शहरात आपल्याच इमारतीत, शेजारशेजारच्या खोल्यांत बसते. सिग्नल आता तिथूनच पडतात, त्यामुळे स्टेशनावर दांडे ओढावे लागत नाहीत. स्टेशन मास्तरने फक्त कळवायचे, विचारायचे आणि उत्तर द्यायचे. आपल्या गाड्या वेळेवर किती धावल्या हे प्रत्येक विभाग आपापले पाहतो, शेजारच्याचे नाही. बाई म्हणायच्या, दोन खोल्यांच्या मध्ये भिंत आहे आणि तिला दार नाही. चौकशीसाठी आपल्याकडे आलो तेव्हा अर्जदाराने मुद्दाम पाहिले. दार आहे. त्याच्यापुढे कपाट ठेवले आहे.

जंक्शनवर मेन लाइनच्या संध्याकाळच्या पॅसेंजरला लोक ‘थोरली’ म्हणतात आणि तिची माणसे घेऊन वर डोंगराकडे जाणाऱ्या ब्रँच गाडीला ‘धाकटी’. वेळापत्रकात थोरली आधी येते, मग पाच मिनिटांनी धाकटी सुटते. कागदावर दोघी जावांचे उत्तम जमते. प्रत्यक्षात थोरलीला मागच्या स्टेशनावर एक्सप्रेससाठी बाजूला उभे करतात. रोज करतात. त्यामुळे थोरली येते तेव्हा धाकटीची वेळ होऊन गेलेली असते. आणि धाकटी ही दिवसाची शेवटची. ती गेली की माणूस सकाळपर्यंत जंक्शनवर.

यावर नियमात एक सोय आहे. जंक्शनच्या मास्तरने सांगितले तर ब्रँचचे कंट्रोल धाकटीला दहा मिनिटांपर्यंत धरू शकते. मात्र ते रोज नव्याने सांगावे लागते. कालचे आज चालत नाही. कुणी सांगितले नाही तर गाडी वेळेवर सुटते. आणि सांगितले तर झालेला उशीर सांगणाऱ्याच्या नावावर चढतो. बाईंनी नोकरीतल्या प्रत्येक संध्याकाळी सांगितले. त्यांना ठपक्याची पत्रे येत. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : ‘माणसे येत होती, म्हणून धरली.’ वेळच बदलावी असे त्यांनी अनेकदा लिहिले होते. ब्रँच विभागाने कळवले की वेळापत्रकाप्रमाणे थोरली वेळेवर येते, सबब अडचण उद्भवत नाही. मेन लाइन विभागाने कळवले की आमच्या गाडीतून उतरलेला उतारू आमचा राहत नाही. दोन्ही उत्तरे बाईंनी अर्जदाराला वाचून दाखवली होती. अर्जदार तेव्हा म्हणाला होता, “मग तो उतारू आहे तरी कुणाचा?” बाई म्हणाल्या, “माझा. कपडे वाळत घालायचे राहिलेत, तेवढे घाल.”

४. बाई गेल्यावर जे मास्तर आले ते वयाने लहान आहेत आणि दोन स्टेशने सांभाळतात. ते चांगले आहेत. धाकटी धरायला सांगत नाहीत एवढेच. अर्जदाराने विचारले तेव्हा म्हणाले, “काका, बाईंना भांडता यायचं. माझ्या नावावर उशीर चढला तर मी कायमसुद्धा व्हायचो नाही.”

मग धाकटी रोज वेळेवर सुटू लागली आणि आपल्या कार्यालयाकडून जंक्शनला शाबासकीचे पत्र आले. ते फलाटावर लावले आहे. त्याच्याखाली चुकलेले उतारू बसतात. जागा पुरत नाही तेव्हा ते अर्जदाराच्या दुकानात येतात आणि गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसतात. एकदा खुर्च्यांचे पॉलिश ओले होते. शहरातल्या दवाखान्यात काम करणारी एक नर्स उठायला गेली आणि खुर्चीही तिच्याबरोबर उठली. ती म्हणाली, “काका, आता ही घेऊनच घरी जाते. निदान सासूबाईंना पुरावा होईल.” तिचे लहान मूल वर ब्रँचच्या शेवटच्या गावी सासूपाशी असते. सासूचे म्हणणे असे, की गाडी एखाद दिवस चुकते, रोज चुकते ती सून. अर्जदाराने टर्पेंटाइनने डाग काढून दिला. जाताना नर्स म्हणाली, “बाई असत्या तर—” सगळेच तेवढेच बोलतात. अर्जदाराने ते इतक्या जणांकडून ऐकले आहे की दुकानावर पाटी लावावी असे त्याच्या मनात आले होते.

५. आता फोनबाबत. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात स्टेशनाच्या फोनची एक जोडशाखा (एक्स्टेंशन) आहे. थोरली मागच्या स्टेशनावर बाजूला लागली की ब्रँचचे कंट्रोलरसाहेब बाईंना त्यावर कळवत आणि बाई बहुतेक वेळा तिथूनच, भाजी परतता परतता, “धरा” म्हणत. साहेबांनी फोन करावा असा नियम नाही. पण पडलेली पद्धत होती.

बाई जाऊन काही आठवडे झाल्यावर तो फोन संध्याकाळी त्याच वेळेला वाजला. अर्जदाराने उचलला.

“बाई, थोरली—” पलीकडचा आवाज थांबला. मग म्हणाला, “माफ करा हं काका. हात सवयीनं गेला.”

अर्जदार म्हणाला, “असू दे. मीही अजून दाराला आतून कडी लावत नाही.”

फोन ठेवावा कसा हे दोघांनाही समजेना. काहीतरी बोलायचे म्हणून अर्जदाराने विचारले, “थोरली किती मागे आहे?”

“आठ मिनिटं.”

“मग धरा ना.”

“हो, बाई,” साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला गेला.

एवढेच झाले. थोड्या वेळाने थोरली आली आणि माणसे पिशव्या सांभाळत पलीकडच्या फलाटाकडे पळाली. सर्वांत पुढे नर्स होती. अर्जदाराने हे खिडकीतून पाहिले. त्या दिवशी त्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

६. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा वाजला. मग रोज वाजू लागला. येथे अर्जदार कबूल करतो की तो थोडा शेफारला. फोनच्या वेळेआधी तो तोंड धुऊन धुतलेला शर्ट घालू लागला, जसे काही कंट्रोलला तो दिसणार होता. भाजीवालीशी बोलताना एकदा तो ‘आमचं सेक्शन’ असे म्हणाला. ती म्हणाली, “तुमचं सेक्शन राहू दे, सुटे आहेत का ते बघा.” मेहुणा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, राहायला आला होता. त्याने हा प्रकार दोन दिवस पाहिला आणि म्हणाला, “भावोजी, ताई होती तेव्हा रोज कुरकुरायचात, की ही माझ्याशी नांदते का गाडीशी. आणि आता सवतीला तुम्हीच सांभाळताय.” अर्जदाराने त्याला सांगितले की हे जबाबदारीचे काम आहे, मध्ये बोलू नको. हे सांगताना अर्जदाराच्या हातात झारा होता.

७. ज्या दिवसाबद्दल नोटीस आहे त्या दिवशी असे झाले. साहेबांचा फोन आला, “थोरलीचं इंजिन बिघडलंय. किती उशीर ते सांगता येत नाही.” अर्जदार म्हणाला, “धरा.” आणि दुकानात जाऊन कामाला लागला. त्या संध्याकाळी फार शांत होते. शिट्टी नाही, मालगाडीची खडखड नाही. अर्जदाराला वाटले, आज हात चांगला चालतोय.

महोदय, गाडी धरल्यावर ती सोडा असेही सांगावे लागते, हे अर्जदाराला माहीत नव्हते. बाई ‘धरा’ स्वयंपाकघरातून म्हणत. ते अर्जदाराने हजारदा ऐकले होते. मग त्या पदराला हात पुसून फलाटावर जात, शेवटचा माणूस डब्यात चढला की तिथल्या फोनवरून ‘सोडा’ म्हणत. ते अर्जदाराने कधीच ऐकले नव्हते. इतकी वर्षे संसार करून त्याला बायकोचे निम्मेच काम ठाऊक होते. एरवी थोरली दहा मिनिटांच्या आत येई, आणि माणसे चढलेली पाहून गार्डच कंट्रोलला कळवी, त्यामुळे उरलेले निम्मे उघडे पडले नव्हते. त्या दिवशी थोरली आलीच नाही. ती रद्द झाली.

कंट्रोलरसाहेबांना वाटले, जंक्शनने धरायला सांगितले आहे, दहा मिनिटे उलटली तरी सोडायला जंक्शनच सांगेल. नव्या मास्तरांना वाटले, कंट्रोलने धरली आहे, कंट्रोल सोडेल. गार्डला वाटले, दोघांचे काहीतरी ठरले असेल. ड्रायव्हरने काहीच वाटून घेतले नाही, तो डबा उघडून जेवला. ब्रँचचा रूळ एकेरी आहे. त्यामुळे वरून खाली येणारी गाडी मधल्या स्टेशनावर धाकटीची वाट पाहत उभी राहिली. तिच्यामागे खडीची मालगाडी उभी राहिली. इकडे जंक्शनचा फलाट रिकामा होईना म्हणून मेन लाइनवरचीही एक मालगाडी बाहेर थांबली आणि तिच्यामागे काय काय थांबले ते नोटिशीत दिलेच आहे. वेताच्या बैठकीत एक पट्टी ओढून धरली की चारही बाजूंच्या आवळतात. रेल्वेचेही तसेच असते हे अर्जदाराला त्या दिवशी कळले. म्हणजे दुसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी तो विणत होता.

वरून येणाऱ्या त्या गाडीत आपण स्वतः होतात, तपासणी करून परत येत होतात, हे अर्जदाराचे दुर्दैव. मधल्या स्टेशनावर बसायला एकच खुर्ची आहे. ती बाईंनी मागे दुरुस्तीसाठी आणवली होती, आणि अर्जदाराने दाबून पाहून “अजून वर्षभर चालेल” म्हणून तशीच परत पाठवली होती. आपण बसल्यावर ती चालली नाही. दोन हमालांनी आपणास बाहेर काढले असे ऐकले. नोटिशीत याचा उल्लेख ‘अधिकाऱ्यांस झालेली गैरसोय’ एवढाच आहे, त्याबद्दल अर्जदार आपला आभारी आहे.

शेवटी रद्द झालेल्या थोरलीचे उतारू बसने जंक्शनला पोचले. नर्स थेट दुकानात आली. म्हणाली, “काका, धाकटी अजून उभी आहे. तुम्ही धरलीय ना?”

“धरलीय.”

“मग आता सोडा म्हणा. सगळे चढले.”

“ते मी म्हणायचं असतं?”

ती अर्जदाराकडे पाहत राहिली. मग त्याला हाताला धरून क्वार्टरमध्ये घेऊन गेली. अर्जदाराने फोन लावला. साहेब म्हणाले, “बोला, जंक्शन.” अर्जदार फोन घेऊन उभा राहिला. नर्सने फोन काढून घेतला, “सोडा” म्हणाली, आणि गाडी पकडायला पळाली. तिला यात ओढू नये. त्या दिवशी थोरलीचा एकही माणूस जंक्शनवर राहिला नाही. हे अर्जदार बचाव म्हणून लिहीत नाही. नुसते लिहीत आहे.

८. नोटिशीत म्हटले आहे की ‘अज्ञात इसमाने स्त्री स्टेशन मास्तर असल्याचे भासवले’. आधार म्हणून फोनच्या रेकॉर्डिंगमधले कंट्रोलरसाहेबांचे ‘हो, बाई’ हे शब्द दिले आहेत. अर्जदाराचा आवाज लाकडावर कानस घासल्यासारखा आहे. या आवाजाने त्याने बाई असल्याचे भासवले आणि ते कंट्रोलला पटले, असे मानायचे असेल तर ती अर्जदाराची नव्हे, कंट्रोलची बदनामी आहे. साहेबांच्या तोंडून सवयीने गेले. त्यांनी व बाईंनी इतकी वर्षे रोज बोलून एकमेकांना पाहिले नव्हते. चौकशीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्यांनी अर्जदाराला आवाजावरूनच ओळखले आणि हळूच विचारले, “बाई दिसायला कशा होत्या हो?” अर्जदाराने पुष्कळ आठवून पाहिले. शेवटी म्हणाला, “फार उंच नव्हती.” घरी येईपर्यंत त्याला बाकीचे सगळे आठवले. पण तोवर परतीची गाडी शहरातून निघालेली होती, आणि तीही वेळेवर.

९. सबब विनंती अशी :
धाकटीची वेळ वेळापत्रकातच दहा मिनिटांनी पुढे न्यावी. म्हणजे कुणी धरा म्हणायला नको, कुणी सोडा म्हणायला नको, कुणाच्या नावावर उशीर नको, आणि अर्जदारासारख्या माणसाला यात पडायला नको.
तोपर्यंत हे दोन्ही शब्द सांगण्याचे काम कुणाच्या तरी नावे लावून द्यावे. ते स्वतःला मिळावे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्याला निम्मेच येते हे सिद्ध झाले आहे. पण तसा कुणी मिळेपर्यंत स्वयंपाकघरातला फोन काढू नये.
कंट्रोलरसाहेबांवर कारवाई करू नये. जी करायची ती अर्जदारावर करावी. क्वार्टर सांगाल त्या दिवशी रिकामे करून देण्यात येईल, त्याबद्दल तक्रार नाही.
मधल्या स्टेशनावरची खुर्ची येणाऱ्या कुठल्याही गाडीने पाठवावी. अर्जदार ती नव्याने विणून देईल. या वेळी दाबून नव्हे, बसून पाहील.

आपला आज्ञाधारक होण्याच्या प्रयत्नात असलेला,

(सही)
अर्जदार

दिनांक : टाइप केला तो.

सोबत : धाकटीच्या वेळेबाबत बाईंना आलेली दोन उत्तरे.

ता. क. : हे खाली घरी येऊन हाताने लिहितो, म्हणून ‘मी’ लिहितो. टाइप करून परत आलो तर आपला वायरमन स्वयंपाकघरात होता. त्याने विचारले, “काका, तार राहू देऊ का भिंतीत?” मी म्हटले, राहू दे. फोन तो घेऊन गेला, त्यामुळे कलम ९ मधली फोनची विनंती खोडली असे समजावे. आता संध्याकाळ झाली आहे. थोरली मागच्या स्टेशनावर एक्सप्रेसला वाट देत उभी असेल. धाकटी फलाटाला लागली आहे, ती मला दारातून दिसते. नवे मास्तर आज त्यांच्या दुसऱ्या स्टेशनावर आहेत. धाकटी धरा असे आज अजून कुणी सांगितलेले नाही.